रांग, पाळी आणि वेळेचा पास : बारामती व इंदापूर तालुक्यांच्या संदर्भात एक ऐतिहासिक अभ्यास

प्रस्तावना :

एखाद्या वस्तूची किंवा सेवेची मागणी एकाच वेळी पुष्कळांकडून होते आणि ती पुरविण्याची क्षमता मात्र मर्यादित असते, तेव्हा कोणाला तरी थांबावे लागते. हे थांबणे दोन प्रकारचे असते. पहिल्या प्रकारात माणूस स्वतः रांगेत उभा राहतो व पुढचा माणूस सरकेल तसा सरकतो. दुसऱ्या प्रकारात त्याला आधीच एक वेळ नेमून दिली जाते. तो आपल्या अन्य कामाला जातो व नेमलेल्या वेळी हजर होतो. मोठ्या थीम पार्कमध्ये लांब रांगा टाळण्यासाठी दिला जाणारा वेळेचा पास हा या दुसऱ्या प्रकाराचा आज सर्वांत परिचित नमुना आहे. अमेरिकेतील डिस्ने उद्यानांनी १९९९ मध्ये 'फास्टपास' या नावाने ही सोय सुरू केली. महाराष्ट्रातही २०१३ मध्ये खोपोलीजवळ सुरू झालेल्या इमॅजिका उद्यानात जादा शुल्क भरून रांग टाळणारा पास मिळू लागला.

संगणक व मोबाईल यांमुळे ही कल्पना अगदी अलीकडची वाटते. वस्तुतः मर्यादित साधनाची वेळ ठरवून वाटणी करणे आणि त्या वेळेचा लेखी पुरावा हाती देणे हा व्यवहार पुणे जिल्ह्याच्या बारामती व इंदापूर तालुक्यांना शंभराहून अधिक वर्षे परिचित आहे. नीरा डाव्या कालव्याचे पाणी, साखर कारखान्याची ऊसतोड आणि आषाढी वारीचे दर्शन या तीन क्षेत्रांत येथील माणसाने 'पाळी' अनुभवली आहे. प्रस्तुत शोधनिबंधात या अनुभवाचा ऐतिहासिक मागोवा घेतला असून वेळेचा पास केव्हा न्याय्य ठरतो व केव्हा केवळ रांगेची जागा बदलतो, या प्रश्नाची चर्चा केली आहे.

शोधनिबंधाची उद्दिष्टे :

१) रांग व पाळी या दोन व्यवस्थांमधील भेद स्पष्ट करणे.
२) नीरा डाव्या कालव्यावरील पाणीवाटपाच्या पाळीचा ऐतिहासिक विकास पाहणे.
३) ऊसतोड व देवदर्शन या क्षेत्रांतील पाळीपद्धतीची त्याच्याशी तुलना करणे.
४) थीम पार्कमधील वेळेच्या पासाचे मूल्यमापन या स्थानिक अनुभवाच्या आधारे करणे.

रांग आणि पाळी : संकल्पना

मराठीत 'रांग' हा शब्द जागेशी निगडित आहे, तर 'पाळी' हा शब्द काळाशी. रांगेत कोण कोणाच्या पुढे उभा आहे हे डोळ्यांना दिसते. पाळीत कोणाचा क्रम केव्हा येणार हे ठरलेले असते, पण माणसे एकत्र उभी नसतात. 'बारी' या शब्दात मात्र दोन्ही अर्थ एकवटले आहेत. बारी म्हणजे पाळी, आणि पंढरपुरात 'दर्शनबारी' म्हटले की डोळ्यांसमोर उभी राहते ती रांगच.

रांगेचा शास्त्रीय अभ्यास विसाव्या शतकाच्या आरंभी सुरू झाला. कोपनहेगन येथील टेलिफोन कंपनीत काम करणारे ए. के. एर्लांग यांनी १९०९ मध्ये दूरध्वनी केंद्रावर येणाऱ्या मागण्यांचे गणित मांडले. पुढे १९६१ मध्ये जॉन लिटल यांनी थांबलेल्यांची सरासरी संख्या, येण्याचा वेग व सरासरी थांबण्याचा काळ यांतील संबंध सिद्ध केला. या अभ्यासातून निघणारा एक साधा मुद्दा येथे महत्त्वाचा आहे. येणाऱ्यांची संख्या सेवेच्या क्षमतेहून अधिक राहिली, तर कोणतीही चिठ्ठी, टोकन किंवा पास प्रतीक्षा नाहीशी करू शकत नाही. पास गर्दी दिवसभरात पसरवू शकतो आणि उभे राहण्याचे कष्ट वाचवू शकतो. परंतु मुळात असलेला तुटवडा त्याने भरून निघत नाही.

ग्रामीण महाराष्ट्रात पाळीची कल्पना कालव्यांच्याही आधीपासून आहे. सामाईक विहिरीवर प्रत्येक हिस्सेदाराचे दिवस ठरलेले असत. जमिनीच्या वाटणीबरोबर विहिरीच्या पाण्याची पाळीही वाटली जाई आणि खरेदीखतात तिचा उल्लेख येई. धुळे व नाशिक भागातील फड पद्धतीत बंधाऱ्याचे पाणी कोणत्या फडाला केव्हा द्यायचे हे गावकरी ठरवीत आणि पाटकरी ते प्रत्यक्ष वाटत असे. तीर्थक्षेत्रांतील पुजारी घराण्यांमध्येही सेवेच्या पाळ्या चालत आल्या होत्या. या सर्व उदाहरणांत पाळी ही हक्क मानली जात होती व तो हक्क शेजाऱ्यांना ठाऊक असे. म्हणून त्याला कागदाची गरज फारशी पडत नव्हती.

नीरा डावा कालवा : पाळीची गरज

बारामती व इंदापूर हे पर्जन्यछायेतील तालुके आहेत. येथील वार्षिक सरासरी पाऊस ५०० मिलिमीटरच्या आसपास असतो व तोही बेभरवशाचा. १८७६-७७ च्या भीषण दुष्काळात या प्रदेशाची जी होरपळ झाली, तिच्या पार्श्वभूमीवर नीरा डाव्या कालव्याचे काम हाती घेण्यात आले. पुरंदर तालुक्यातील वीर येथून निघून बारामती तालुक्यातून इंदापूर तालुक्यात जाणारा सुमारे १०० मैलांचा हा कालवा १८८५ च्या सुमारास सुरू झाला. त्याला पाणी पुरविण्यासाठी वेळवंडी नदीवर भाटघर येथे बांधलेले धरण १८९२ मध्ये पुरे झाले. पुढे १९२० च्या दशकात त्याच्या जागी अधिक उंच असे लॉईड धरण उभे राहिले.

कालवा बांधण्यामागील हेतू दुष्काळापासून संरक्षण हा होता. थोडे पाणी पुष्कळ क्षेत्राला मिळावे व ज्वारी-बाजरी वाचावी, अशी अपेक्षा होती. प्रत्यक्षात निराळेच घडले. चांगल्या पावसाच्या वर्षी कोरडवाहू पिकांसाठी पाणी घेण्यास शेतकरी फारसे उत्सुक नसत, आणि पाऊस हुकला की सर्वांची मागणी एकदम येई. याउलट ऊस लावणाऱ्यास पाणी बारमाही लागे. सासवडकडील माळी बागायतदारांसारखे कसबी शेतकरी कालव्याच्या कडेने खाली सरकत आले व त्यांनी उसाची लागवड वाढविली. १८९६-९७ व १८९९-१९०० या दुष्काळांनंतर तर पाण्याची मागणी झपाट्याने वाढली.

यातून जो प्रश्न उभा राहिला तो मुळात रांगेचाच होता. कालव्याच्या मुखाकडील शेतकरी पाण्याजवळ असल्याने नेहमीच रांगेत पुढे असे. इंदापूरकडील टेलच्या शेतकऱ्यास कितीही लवकर उठले तरी पुढचा क्रमांक मिळणे शक्य नव्हते, कारण ही रांग येण्याच्या वेळेने लागलेली नव्हती, ती भूगोलाने लागलेली होती. शिवाय मुखाकडील अतिरिक्त पाण्याने जमिनीचेही नुकसान झाले. नीरा खोऱ्यात पाणथळ व चोपण जमिनींचे क्षेत्र वाढत गेले आणि विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात सी. सी. इंग्लिस यांच्यासारख्या अभियंत्यांना निचऱ्याच्या उपायांवर दीर्घकाळ काम करावे लागले. पाण्याच्या असमान वाटपामुळे एका टोकाला पीक वाळत होते व दुसऱ्या टोकाला जमीन बिघडत होती.

विश्वेश्वरय्यांची ब्लॉक पद्धत

या अडचणीवरील पहिला पद्धतशीर उपाय मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या यांच्या नावाशी जोडला जातो. मुंबई इलाख्याच्या सार्वजनिक बांधकाम खात्यात असताना त्यांच्याकडे पुणे पाटबंधारे विभागाचे काम आले. १९०१ ते १९०३ या काळात भारतीय पाटबंधारे आयोग कार्यरत होता आणि दख्खनचे कालवे सरकारला तोट्यात का जातात याची चर्चा चालू होती. या सुमारास विश्वेश्वरय्यांनी मांडलेली ब्लॉक पद्धत नीरा कालव्यावर अमलात आली.

या पद्धतीत पाणी कोठे द्यायचे हे आधी निश्चित केले जाई. ठरावीक क्षेत्राचे गट अर्थात ब्लॉक पाडून त्यांना काही वर्षांच्या मुदतीने पाणी मंजूर होई. ब्लॉकच्या सुमारे एक-तृतीयांश भागात ऊस व उरलेल्या भागात कमी पाण्याची पिके घ्यावीत आणि उसाचा तुकडा दरवर्षी बदलावा, अशी कल्पना होती. पाणी पाळीने व मोजून द्यावे आणि त्याचा लाभ अधिकाधिक गावांत पसरावा, हा तिचा हेतू होता. प्रारंभी बागायतदारांत या पद्धतीविषयी नाराजी होती. हवे तेव्हा पाणी घेण्याची मोकळीक जाऊन सरकारी वेळापत्रक येणार, हे त्यांना जाचक वाटले. तथापि मंजुरी अनेक वर्षांची असल्याने पाण्याची शाश्वती मिळाली व भांडवल गुंतविणे सोपे झाले. म्हणून हळूहळू ब्लॉकधारक शेतकरी हाच या पद्धतीचा खंदा समर्थक झाला.

येथे एक विसंगती लक्षात घेण्यासारखी आहे. पाणी पसरविण्यासाठी आणलेली पद्धत कालांतराने ब्लॉक असलेल्यांचा राखीव हक्क बनली. ज्याच्याकडे ब्लॉक होता त्याची पाळी निश्चित होती. ज्याच्याकडे नव्हता त्यास दर हंगामाला अर्ज करून उरलेल्या पाण्याची वाट पाहावी लागे. एकाच कालव्यावर पासधारकांची एक ओळ व बिनपासवाल्यांची दुसरी ओळ अशा दोन ओळी तयार झाल्या.

शेजपाळी आणि पाण्याचा पास

ब्लॉकबाहेरील हंगामी सिंचनासाठी दख्खनच्या कालव्यांवर 'शेजपाळी' रूढ झाली. शेजाऱ्यामागून शेजारी अशा क्रमाने लागणारी पाळी, असा या शब्दाचा अर्थ. १८७९ चा मुंबई पाटबंधारे अधिनियम व १९३४ चे मुंबई कालवे नियम यांनी तिला कायद्याची चौकट दिली. १९७६ मध्ये महाराष्ट्र पाटबंधारे अधिनियम आला, तरी व्यवहाराचे स्वरूप बरेचसे तेच राहिले.

या व्यवहाराचे टप्पे पुढीलप्रमाणे सांगता येतील. १५ ऑक्टोबरच्या सुमारास धरणात किती पाणी आहे याचा हिशेब होतो. त्यावरून रब्बी व उन्हाळी हंगामांत किती आवर्तने देता येतील हे ठरते. जाहीर प्रकटन निघते व शेतकरी नमुना नंबर ७ वर पाणी अर्ज भरतो. पिण्याचे पाणी व अन्य राखीव भाग वजा जाता उरलेल्या पाण्यातून क्षेत्र मंजूर होते व शेतकऱ्यास पास मिळतो. त्यानंतर कालवा निरीक्षक चारीवरील मंजूर अर्जांची यादी करून कोणाची पाळी केव्हा येणार हे लावतो. तत्त्वतः ही यादी टेलकडून मुखाकडे जाते. म्हणजे जो भूगोलाने शेवटचा, तो वेळापत्रकात पहिला. १९८० च्या दशकात शेजपाळीला अधिक काटेकोर रूप देण्याचे प्रयत्न झाले व पाळीचा दिवस आणि वेळ आधीच लेखी कळविण्यावर भर देण्यात आला. पंजाब-हरियाणातील वाराबंदीशी त्याचे साम्य होते. तेथे आठवड्याचे १६८ तास जमिनीच्या प्रमाणात वाटलेले असतात व प्रत्येकाचा वार व तास ठरलेला असतो.

टेलकडून मुखाकडे या एका नियमात शेजपाळीचे सर्व नैतिक बळ सामावलेले आहे. ज्याला नैसर्गिक लाभ नाही त्याला वेळेचा लाभ द्यावा, असे हा नियम सांगतो. पण पास हा कागद असतो आणि चारीतले पाणी उताराने वाहते. मुखाकडे दारे बेकायदा उघडली, चारीला गळती असली किंवा आवर्तन ठरल्यापेक्षा लवकर बंद झाले, तर इंदापूरकडील शेतकऱ्याच्या हातात पास असूनही शेत कोरडे राहते. पाण्याची वेळ रात्रीची असली तर विंचू-काट्याच्या अंधारात कंदील वा बॅटरी घेऊन दारे धरावी लागतात. आपली पाळी हुकली तर पुढच्या आवर्तनापर्यंत पीक तगत नाही. म्हणून टेलच्या माणसाच्या दृष्टीने पास मिळणे पुरेसे नसून पासावरील वेळ पाळली जाणे हेच खरे सिंचन होय.

या अनुभवातून दोन उपाय पुढे आले. पहिला साठवणीचा. इंदापूर तालुक्यातील शेटफळ तलावासारखे तलाव कालव्यातून भरून घेतले म्हणजे पाळी व प्रत्यक्ष गरज यांतील अंतर काही अंशी भरून निघते. शेततळी व विहिरी यांचेही कार्य तेच. दुसरा उपाय संस्थात्मक होता. २००५ च्या महाराष्ट्र सिंचन पद्धतीचे शेतकऱ्यांकडून व्यवस्थापन अधिनियमाने पाणी वापर संस्थांना मोजून पाणी देण्याची व अंतर्गत पाळी संस्थेनेच लावण्याची तरतूद केली. पाळी लावणारा व पाळी घेणारा यांच्यातील अंतर कमी करणे हा त्यामागील विचार होता.

ऊसतोडीची पाळी

कालव्याने ऊस आणला व उसाने साखर कारखाने आणले. १९३० च्या दशकात इंदापूर तालुक्यातील कळंब येथे वालचंद हिराचंद यांच्या उद्योगसमूहाने वालचंदनगर उभारले. स्वातंत्र्यानंतर माळेगाव, भवानीनगर व सोमेश्वरनगर येथे सहकारी कारखाने सुरू झाले. त्यांच्याबरोबर प्रतीक्षेचे एक नवे क्षेत्र निर्माण झाले.

कारखान्याची दैनिक गाळप क्षमता ठरलेली असते, हंगाम ऑक्टोबर-नोव्हेंबरपासून काही महिन्यांचा असतो आणि सभासदांचा ऊस मात्र एकाच सुमारास पक्व होतो. तोडलेला ऊस वेळेत गाळला नाही तर त्याचे वजन व उतारा दोन्ही घटतात. म्हणून शेतकऱ्याने सगळा ऊस तोडून कारखान्याच्या आवारात रांगेत आणून उभा करणे कोणालाच परवडत नाही. यावर उपाय म्हणून लागणीची नोंद घेतली जाते. आडसाली, पूर्वहंगामी, सुरू व खोडवा असे वर्ग व लागणीची तारीख यांवरून तोडणीचा कार्यक्रम लागतो आणि तोडचिठ्ठी निघाल्यावरच टोळी फडात उतरते. थीम पार्कच्या पासाशी या चिठ्ठीचे साम्य उघड आहे. गव्हाणीत मावेल तेवढाच ऊस त्या दिवशी आवारात यावा, हा दोहोंमागील हिशेब एकच आहे.

परंतु येथेही वेळ ठरवून देणारी व्यवस्था दोन ठिकाणी कमकुवत ठरते. एक म्हणजे अनौपचारिक खरेदी. नोंदीप्रमाणे पाळी असूनही तोड लवकर व्हावी म्हणून टोळीला व वाहनचालकाला 'खुशाली' द्यावी लागल्याच्या तक्रारी राज्यभर होत आल्या आहेत. नियमाने विकली न जाणारी पाळी अशा वेळी बांधावर विकली जाते. दुसरी कमकुवत बाजू क्षमतेची. २०२१-२२ च्या हंगामात राज्यात विक्रमी ऊस उभा राहिला व काही भागांत गाळप जूनपर्यंत लांबले. मराठवाड्यातील अनेक शेतकऱ्यांचा ऊस नोंद असूनही फडातच उभा राहिला. क्षमतेहून अधिक नोंदी झाल्या की नोंदीचा कागद वचन न राहता केवळ आशा उरते, हे त्या हंगामाने दाखविले.

पालखी मार्ग आणि दर्शनबारी

पाळीचा तिसरा अनुभव या दोन तालुक्यांच्या रस्त्यावरून दरवर्षी जातो. जगद्गुरू तुकाराम महाराजांचा पालखी सोहळा देहूहून निघून बारामती, सणसर, निमगाव केतकी, इंदापूर, सराटी असे मुक्काम करीत पंढरीकडे जातो. १६८५ मध्ये तुकोबांचे पुत्र नारायणमहाराज यांनी सुरू केलेल्या या परंपरेत शिस्तीचे मोठे तंत्र आहे. रथापुढील व रथामागील दिंड्यांचे क्रमांक ठरलेले असतात, मुक्काम व विसाव्याच्या जागा ठरलेल्या असतात आणि बेलवाडीच्या रिंगणातही कोणी केव्हा धावायचे याचा क्रम असतो. लाखोंचा समुदाय वाटेत एकमेकांस तुडवीत नाही, याचे कारण प्रत्येकास आपली जागा व वेळ ठाऊक असते.

पंढरपुरात पोहोचल्यावर मात्र हाच वारकरी रांगेत उभा राहतो. आषाढीला दर्शनबारी मंदिरापासून गोपाळपूरच्या पत्राशेडपर्यंत जाते व पददर्शनासाठी कित्येक तास लागतात. अनेकजण त्यामुळे मुखदर्शनावर किंवा कळसदर्शनावर समाधान मानतात. करोना साथीनंतर १६ नोव्हेंबर २०२० रोजी राज्यातील प्रार्थनास्थळे पुन्हा उघडली, तेव्हा पंढरपुरात मर्यादित संख्येने व पूर्वनोंदणीने दर्शन सुरू झाले. २०२५ मध्ये मंदिर समितीने टोकन दर्शन प्रणालीची चाचणी घेतली. तिरुमला येथे वेळ नेमून दिलेली टोकने व शुल्काचे विशेष प्रवेश दर्शन या दोन्ही पद्धती फार पूर्वीच रुजल्या आहेत. शिर्डीतही वेळेची पूर्वनोंदणी करता येते.

तिरुपतीच्या अनुभवातून एक गंभीर इशाराही मिळतो. ८ जानेवारी २०२५ रोजी वैकुंठ एकादशीची दर्शन टोकने घेण्यासाठी तिरुपती शहरातील वाटप केंद्रांवर लोटलेल्या गर्दीत चेंगराचेंगरी होऊन ६ भाविकांचा मृत्यू झाला. दर्शनाची रांग टाळण्यासाठी काढलेल्या टोकनाचीच रांग जीवघेणी ठरली. मर्यादित टोकने, ठरलेली वाटपाची घटका आणि मोठी मागणी हे तिन्ही एकत्र आले की गर्दी नाहीशी होत नाही, ती मंदिराच्या दारातून टोकनाच्या खिडकीपाशी येते.

थीम पार्कचा पास : तुलनात्मक विचार

वरील तिन्ही उदाहरणांच्या प्रकाशात थीम पार्कच्या पासाचा इतिहास पाहणे उद्बोधक आहे. १९५५ मध्ये डिस्नेलँड सुरू झाल्यानंतर पहिली काही दशके तेथे खेळांच्या दर्जानुसार वेगवेगळी कुपने घ्यावी लागत. १९८२ च्या सुमारास एकाच तिकिटात सर्व खेळ खुले झाले. त्यामुळे लोकप्रिय खेळांसमोरील प्रतीक्षेवर कुपनाच्या किमतीचे नियंत्रण उरले नाही. १९९९ च्या फास्टपासने यावर तोडगा काढला. यंत्रातून निघणाऱ्या कागदावर एका तासाची मुदत छापलेली असे, त्या मुदतीत परत आल्यास वेगळ्या दाराने लवकर प्रवेश मिळे व हा पास तिकीट असलेल्या प्रत्येकास मोफत होता. खेळाच्या क्षमतेचा ठरावीक भाग पासधारकांसाठी राखला जाई. साहजिकच पास नसलेल्यांची ओळ हळू सरके.

२०१४ पर्यंत ही नोंदणी मनगटी पट्टी व मोबाईलवर गेली. घरून आधी नोंद करणाऱ्यास उत्तम वेळ मिळू लागली व उद्यानात आल्यावर चौकशी करणाऱ्यास उरलेली. २०२१ मध्ये मोफत पद्धत बंद होऊन तिची जागा शुल्काच्या पद्धतीने घेतली. म्हणजे अवघ्या २२ वर्षांत या पासाने तीन टप्पे ओलांडले : प्रथम येईल त्यास, मग आधी नोंदवील त्यास आणि अखेर पैसे भरील त्यास.

नीरा कालव्यावरही पसरविण्यासाठी आलेली ब्लॉक पद्धत राखीव हक्काकडे सरकली होती. मात्र एक मूलभूत फरक नोंदविला पाहिजे. करमणुकीच्या उद्यानात पाळी विकली गेली तर दुसऱ्याची दुपार वाया जाते. कालव्यावर किंवा ऊसतोडीत पाळी विकली गेली तर दुसऱ्याचे वर्ष वाया जाते. देवदर्शनात ती विकली गेली तर ज्या परंपरेत सर्वजण एकमेकांच्या पाया पडतात, तिच्या समतेलाच बाधा येते. त्यामुळे उद्यानातील व्यापारी पद्धत जशीच्या तशी सार्वजनिक साधनांना लावणे उचित ठरत नाही.

निष्कर्ष :

१) वेळेचा पास ही केवळ आधुनिक करमणूक उद्योगाची देणगी नाही. नीरा डाव्या कालव्यावरील पाळीव्यवस्थेत तिचे तत्त्व विसाव्या शतकाच्या आरंभापासून दिसते.

२) पासामुळे क्षमता वाढत नाही. क्षमतेचा प्रामाणिक हिशेब आधी व पास नंतर, हा क्रम १५ ऑक्टोबरच्या पाणीसाठ्याच्या हिशेबात पाळला जातो. जेथे तो मोडतो तेथे उभा ऊस व कोरडी चारी दिसते.

३) शेजपाळीतील टेलकडून मुखाकडे हा नियम पासव्यवस्थेच्या इतिहासातील महत्त्वाची देणगी आहे. प्रत्येक पासव्यवस्थेला आपला टेल असतो. दर्शनबारीत तो मोबाईल नसलेला वृद्ध वारकरी असतो, ऊसतोडीत अर्धा एकर खोडव्याचा धनी असतो. पासांचा ठरावीक वाटा आधी त्याच्यासाठी ठेवला, तरच पद्धत न्याय्य म्हणता येईल.

४) पास एकाच खिडकीवर, एकाच वेळी वाटले तर जुनी रांग नव्या जागी उभी राहते. पालखी मुक्कामांच्या गावीच, दिंड्यांच्या क्रमाने टोकन देण्याचा विचार पंढरपूरच्या बाबतीत म्हणूनच करण्यासारखा आहे. वारीची शिस्त त्यासाठी आधीच तयार आहे.

५) कागदावरील वेळ व प्रत्यक्ष मिळालेली वेळ यांची नोंद सर्वांना पाहता येईल अशी ठेवणे आवश्यक आहे. चारीच्या टोकाला पाणी केव्हा पोहोचले, तोड कोणत्या तारखेला झाली, दर्शन किती वाजता मिळाले, हे चावडीवर लागले म्हणजे पाळी विकणे अवघड होते.

माणसाला रांगेत उभे राहण्याचे दुःख जितके असते, त्याहून अधिक दुःख आपल्यामागून आलेला पुढे गेला याचे असते. बारामती-इंदापूरच्या शेतकऱ्याने पाळीचा जो शंभर वर्षांचा अनुभव घेतला, त्याचे सार हेच आहे की पाळीवर विश्वास असेल तर माणूस घरी थांबतो आणि विश्वास उडाला की पास खिशात ठेवूनही तो चारीच्या तोंडाशी जाऊन उभा राहतो.